बाळाची कार सीट घ्यायला येताना गाडी घेऊन या

आमच्या ठाण्यातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या बहुतेकांचा प्रश्न असतो, "सगळ्यात चांगली कुठली?" आणि त्याला चिकटूनच, "केवढ्याला?" आम्ही उत्तर देण्याआधी तीन प्रश्न विचारतो. गाडी कुठली आहे आणि आणली आहे का? बाळाचं वजन आणि उंची किती? आणि रोज बाळाला सीटमध्ये बसवणार कोण? लोकांना वाटतं आम्ही टाळतोय. तसं नाही. बाजारात पाच-सहा हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंत सीट मिळतात, पण गाडीत डगमगणारी महागडी सीट ही घट्ट बसलेल्या साध्या सीटपेक्षा वाईट. बाळ, गाडी आणि बसवणारा हात, या तिघांना जी जमते ती चांगली सीट. किंमत त्यानंतर बोलू.

मांडीवर का नको

"आम्ही काय सीटमध्ये वाढलो? आईच्या मांडीवरच तर बसायचो." हे आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, बहुतेक वेळा आजोबांकडून. खरं आहे ते. पण तेव्हा घरात गाडी असणारेच मोजके, आणि आज आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे.

थोडा हिशेब करू. ताशी 50 किलोमीटरला पूर्व द्रुतगती मार्गावर रात्री कोणी वेगही म्हणणार नाही. या वेगातली गाडी कशावर तरी आपटून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोच्या बाळाचा पुढे जाणारा ओढा साधारण 140 किलोंचा होतो. दोन मोठी माणसं एकदम हाताला लोंबकळल्यासारखं. कितीही घट्ट धरलं तरी बाळ हातातून सुटतंच, यात आईच्या मायेचा काही दोष नाही. त्या वेगाची आपट म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून खाली पडणं. आणि वेग 50 वरून 120 वर गेला की तो अडीच पटीच्या आत वाढतो, पण आपटण्याचा जोर जवळपास सहा पट होतो.

एकाच पट्ट्यात स्वतःबरोबर बाळाला गुंडाळून घेणं तर त्याहून वाईट. धडकेत मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं. कांगारू बॅग चालण्यासाठी आहे, गाडीसाठी नाही.

मागच्या सीटवर काही होत नाही, हा समज सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातानंतर तरी जायला हवा होता. त्यात गेलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीत मागे बसले होते, पट्टा न लावता.

कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलं आहे. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर 1000 रुपये दंड. तो वाचवण्यासाठी सीट घेऊ नका, पण असा नियम आहे हे घरच्या मोठ्यांना सांगायला उपयोगी पडतं.

"उलटी" सीट

आम्ही दुकानात रिअर फेसिंगला सरळ "उलटी सीट" म्हणतो. बाळाची पाठ गाडीच्या बोनेटकडे, तोंड मागच्या काचेकडे. एक आजी हा शब्द ऐकून घाबरल्या होत्या, "म्हणजे बाळाला उलटी होणार?" नाही हो. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास सहसा होतच नाही.

उलटी का, ते बाळाकडे नीट पाहिलं की कळतं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव असतं. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की सुलट्या, म्हणजे तोंड पुढे असलेल्या सीटमध्ये पट्टे खांदे धरून ठेवतात आणि ते जड डोकं मानेला ताणत पुढे जातं. उलट्या सीटमध्ये तोच धक्का डोकं, मान आणि पाठ मिळून सीटच्या पाठीवर वाटून घेतात. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी 1964 मध्ये अशा सीटचा पहिला नमुना तपासला. कल्पना सुचली होती अंतराळवीरांच्या खुर्च्यांवरून, कारण तेही उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेललेले असतात.

युरोपच्या नव्या नियमात, म्हणजे आर 129 मध्ये, बाळ किमान 15 महिन्यांचं होईपर्यंत उलटंच बसवायचं आहे. आमचा सल्ला, तिथे थांबू नका. सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत उलटंच राहू दे. "पाय दुमडतात हो त्याचे," असं ऐकतो आम्ही. दुमडू दे. मुलं घरीही मांडी घालूनच बसतात. डोक्याचा वरचा भाग आणि सीटची वरची कड यांत अडीच सेंटीमीटरही उरलं नाही, की मग ती सीट संपली.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर उलटी सीट लावायची नाही. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आपटते. बाळाची जागा मागेच. शक्यतो डाव्या बाजूला, म्हणजे उतरवताना तुम्ही फुटपाथकडे उभे असता, रहदारीत नाही.

गाडीत बसते का ते आधी

खरा वेळ इथेच जातो.

मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घाला. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्या लागतील, दोन, एकमेकींपासून 28 सेंटीमीटरवर. हे आयसोफिक्स. सीटचे दोन हात त्यांत घुसवले की "टक" आवाज होतो आणि खुणेचा रंग लालचा हिरवा होतो. दोन्ही बाजूंचा हिरवा झाला का ते बघा, एका बाजूचा होऊन फसवणूक होते.

आयसोफिक्सला तिसरा आधार लागतोच. तो दोन प्रकारचा. एक म्हणजे टॉप टेदर, सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा, जो गाडीच्या मागच्या बाजूच्या ठरावीक हुकाला अडकतो. इथे दोन गडबडी आम्ही नेहमी बघतो. डिकीत सामान बांधायचे हूक असतात, लोक टेदर त्यालाच अडकवतात. ते हूक पिशव्यांसाठी आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत टेदरचा हूक कुठे आहे त्याचं चित्र असतं, ते पान उघडूनच या. दुसरं, सीएनजीची टाकी. डिकीत सिलिंडर असेल तर काही गाड्यांत त्या हुकापर्यंत हातच पोचत नाही. ठाण्यात निम्म्या गिऱ्हाइकांची गाडी सीएनजीवर असावी असं आमच्या दारात येणाऱ्या गाड्या पाहून वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दुसरा प्रकार म्हणजे सपोर्ट लेग, सीटखालून गाडीच्या तळाला टेकणारा पाय. यात चूक आमच्याकडूनच झालेली आहे, ती सांगतो. एका ग्राहकाला आम्ही फोनवर गाडीचं मॉडेल विचारून लेगवाली सीट घरपोच पाठवली. त्यांच्या गाडीत पाय ठेवायच्या जागेत जमिनीखाली एक झाकणाचा कप्पा होता, आणि लेग नेमका त्या झाकणावर टेकत होता. धडकेत झाकण खाली गेलं असतं आणि लेगचा उपयोग शून्य. त्यांनी सहज फोटो पाठवला म्हणून कळलं. सीट बदलून दिली. त्या दिवसापासून गाडी पाहिल्याशिवाय आम्ही सीट देत नाही, मग ओळखीचा असो नाहीतर घाईतला.

गाडी जुनी असेल आणि आयसोफिक्स नसेल, तर मन खट्टू करू नका. गाडीच्याच तीन-ठिकाणी-धरणाऱ्या पट्ट्याने बसणाऱ्या सीट असतात आणि नीट बसवल्या तर त्या उत्तम काम देतात. उलट्यासाठी पट्टा सीटच्या निळ्या खुणांमधून जातो, सुलट्यासाठी लाल खुणांमधून. गुडघा सीटमध्ये रोवून पट्टा ओढायचा, मग सीट जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवायची. बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त हलली तर परत. गाडीचं बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं टेकत असेल तर तिथे पट्टा ताणला जात नाही, ती सीट त्या गाडीची नव्हे. मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा असेल तर ती जागा सोडून द्या.

मुलाला नेहमी टॅक्सीतून नेत असाल तरीही पट्ट्याचीच हलकी सीट बरी.

शिक्का कुठला बघायचा

सीटच्या मागे किंवा खाली चिकटवलेलं लेबल बघा. गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा असेल तर ती युरोपच्या नियमांनुसार तपासलेली आहे. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो, 1 म्हणजे जर्मनी, 4 म्हणजे नेदरलँड्स. सीट तिथे बनली असा त्याचा अर्थ नाही. जुना नियम आर 44, तो वजनावर चालतो. नवा आर 129, तो उंचीवर चालतो आणि त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी आहे. आपल्याकडचं मानक एआयएस 072, ते आर 44 च्याच धर्तीवर आहे. लेबलच नसेल, तर ती गादी लावलेली प्लॅस्टिकची खुर्ची समजा, किंमत काहीही असो.

"जन्मापासून बारा वर्षांपर्यंत एकच सीट" अशा जाहिराती येतात. आम्हीही अशा सीट ठेवतो, पण विकताना हात थोडा आखडतो. तान्ह्या बाळाला त्या मोठ्या पडतात, डोकं पुढे येऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. दहा वर्षांच्या मुलाला त्याच सीट अरुंद पडतात. दोन टप्प्यांत दोन सीट घेणं जमत असेल तर तेच करा.

पट्टे, दुपटं आणि आजी

हार्नेसला, म्हणजे बाळाला सीटमध्ये धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना, पाच टोकं असतात, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, सुलट्यात खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. बकल लावून, पट्टा ओढून झाला की गळ्याजवळच्या हाडावर तो उभा चिमटीत धरून बघा. चिमटीत कापड आलं तर सैल आहे. पट्ट्याला पीळ पडलेला नको, तो इस्त्री केल्यासारखा सपाट हवा.

बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून सीटमध्ये ठेवता येत नाही, कारण पायांमधला पट्टा जाणार कुठून? आधी झबल्यावर पट्टे लावा, एसीची झुळूक लागत असेल तर दुपटं वरून पांघरा. लोणावळ्याला जाताना घालतात ते फुगीर जॅकेटही पट्ट्याखाली नको, धडकेत ते चेपतं आणि पट्टा सैल पडतो.

आता तिसरा प्रश्न, रोज बसवणार कोण. आईवडील दोघं नोकरीला, आणि पाळणाघरातून आणायला आजी ड्रायव्हरबरोबर जाते, असं घर असेल तर आजींना दुकानात आणा. काही सीटचं लाल बटण इतकं कडक असतं की संधिवाताच्या बोटांना दाबता येत नाही. एक आजी इथेच तीन सीटची बटणं दाबून बघत होत्या, चौथ्या सीटला म्हणाल्या, "ही माझी." मुलाने निवडलेली वेगळी होती, जास्त महाग. आजींची गेली.

मूल रडलं म्हणून माजिवड्याच्या पुलावर पट्टा सोडून मांडीवर घेणं, हा सगळ्यांचा मोह असतो. गाडी बाजूला घेऊन थांबा, पाजा, पुन्हा बसवा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी बाळाला सीटमधून बाहेर काढाच, तान्ह्याला त्याआधीच. आणि घरी पोचल्यावर ते झोपलंय म्हणून सीटसकट हॉलमध्ये ठेवून देऊ नका, सपाट गादीवर निजवा.

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू चटका देतो. आधी हात लावून बघा, सीटवर पांढरं कापड टाकून ठेवा. दोन मिनिटांसाठीसुद्धा मूल बंद गाडीत ठेवू नका.

मोठी मुलं, जुन्या सीट, स्कूटर

सुलटी सीट लहान झाली की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, तोही पाठ असलेला. पट्टा मानेवर नाही तर खांद्याच्या मध्यावर, आणि पोटावर नाही तर मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर बसावा, एवढ्यासाठीच बूस्टर असतो. साधारण 150 सेंटीमीटर उंची होईपर्यंत तो लागतो, "पहिलीत गेला आता मोठा झाला" यावर जाऊ नका.

बहिणीची, मावशीची सीट वापरायला हरकत नाही, तिचा सगळा इतिहास माहीत असेल तर. अपघात झालेल्या गाडीतली सीट दिसायला धड असली तरी टाकून द्या. प्लॅस्टिक जुनं होतं, मुदत कंपनीने सीटवर छापलेली असते. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेतलेली आमच्याकडे तपासायला आणलीत तर लेबल आणि पट्टे आम्ही फुकट बघू, पण आतून तडकली आहे का हे आम्हालाही दिसत नाही.

स्कूटरचा नियमही वेगळा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस, हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा, फेब्रुवारी 2023 पासून. कार सीट तिथे चालत नाही आणि रिक्षातही नाही.

येताना

सातवा-आठवा महिना ही सीट बघायची चांगली वेळ, कारण हॉस्पिटलमधून घरी येतानाचा प्रवासच बाळाचा पहिला असतो. बाळ येण्याआधी त्याची वस्तू घरात आणायची नाही असं काही घरांत मानतात. त्यांच्यासाठी सीट आम्ही गाडीत बसवून, बघून, पुन्हा काढून दुकानातच ठेवतो. बाळ झाल्याचा फोन आला की घेऊन जा.

गाडी, गाडीची पुस्तिका, आणि बाळ असेल तर बाळ. संध्याकाळी समोरच्या रस्त्यावर गाडी लावायला तसूभर जागा नसते, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या. एका सीटला एरवी पाऊण तास लागतो. मागची सीट रिकामी करून आणलीत, छत्र्या आणि बिस्किटांचा चुरा काढून, तर अर्ध्या तासात होतं. आणि बाळाला पाजून आणा. भुकेलं बाळ कुठल्याच सीटमध्ये बसत नाही.