ब्रिज पिकअप निवडताना: आवाज भरदार हवा, गढूळ नको

‘तुमच्याकडचा सगळ्यात जोरदार ब्रिज पिकअप द्या,’ असं सांगत येणारे ग्राहक आम्हाला नवे नाहीत. (पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा, चुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल असलेला भाग; तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ बसतो तो ब्रिज पिकअप.) त्यातले काही जण थोड्याच दिवसांत परत येतात. आवाज वाढला, पण कॉर्ड वाजवली की सगळे स्वर एकमेकांत कालवल्यासारखे होतात, ही त्यांची तक्रार. हे पत्रक त्यांच्यासाठी, आणि अजून खरेदी न केलेल्यांसाठी तर जास्तच.

गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडा आणि तिच्याकडे नीट बघा. मधोमध ती चांगली झुलताना दिसते, ब्रिजपाशी मात्र जवळपास स्थिर. म्हणून ब्रिजवरच्या पिकअपच्या वाट्याला खर्ज कमी येतो आणि वरचे सूर जास्त येतात. तिथला आवाज मुळातच पातळ आणि चिरका. तो भरून काढायला बनवणारे कॉइलवर तांब्याच्या तारेचे वेढे वाढवतात. वेढे वाढले की आवाज मोठा होतो, मधले सूर फुगतात, पण वरची धार बोथट होते. म्हणजे ज्या वेढ्यांनी भरदारपणा येतो, तेच वेढे स्वच्छपणा खातात. कुठे थांबायचं, एवढाच प्रश्न आहे.

खोक्यावरच्या किलोओहमच्या आकड्यावरून मात्र हे ठरवू नका. तो आकडा तांब्याच्या तारेचा रोध सांगतो, आवाजाचा जोर नव्हे. तेवढ्याच लांबीच्या ४४ गेज तारेचा रोध ४२ गेजपेक्षा दीडपटीहून जास्त भरतो, कारण ती अधिक बारीक असते. त्यामुळे १४ किलोओहमचा पिकअप ८ किलोओहमच्या पिकअपपेक्षा जवळपास दुप्पट जोरदार असेल, हा हिशेब चुकीचा. शिवाय तांबं तापलं की रोध वाढतो: दहा अंशांच्या फरकाने ८ किलोओहमचे ८.३ होतात. ‘आकडा जुळत नाही, माल खोटा आहे’ असं म्हणत मल्टीमीटर घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी पंख्याखाली बसवतो. आकड्यांची तुलना करायचीच असेल, तर तार आणि चुंबक सारखेच असलेल्या दोन पिकअपची करा.

चुंबकाचा फरक कानाला पटकन कळतो. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा चुंबक) २ चा आवाज मऊ असतो, त्याचा खर्ज किंचित सैल. अल्निको ५ मध्ये खर्ज आवळलेला आणि वरचे सूर खणखणीत. सिरॅमिक याहून कडक आणि टोकदार. तारांचा सूर खूप खाली उतरवून जड रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वाजवणाऱ्यांना तो चालतो, नव्हे, हवाच असतो. इतरांना तो बऱ्याचदा कोरडा वाटतो.

भरदार आवाज म्हटलं की बहुतेकांच्या मनात हंबकर असतो. त्यातल्या उलट दिशेने जोडलेल्या दोन कॉइल विजेची गुणगुण एकमेकींत जिरवतात आणि तारेचा आवाज मात्र जोडीने पुढे पाठवतात. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिटारवर दिसू लागला. ज्यांना ‘पीएएफ’ (‘पेटंट अप्लाइड फॉर’) म्हणून आज डोक्यावर घेतलं जातं, ते हेच सुरुवातीचे पिकअप. गंमत म्हणजे ते साधारण ७ ते ९ किलोओहमचेच आहेत. अतिजोरदार पिकअपची हौस सत्तरच्या दशकातली. तेव्हा अँपला (अँप्लिफायरला) स्वतःचा गेन, म्हणजे संकेत वाढवून आवाज फाडायची ताकद, फारशी नसे; अँपच्या व्हॉल्व्हमधून तसा आवाज काढायचा तर पिकअपनेच ढकलावं लागे. आता साध्या पेडलमध्येही गरजेपेक्षा जास्त गेन असतो. मग ते काम पिकअपवर कशाला लादायचं?

आमचं मत विचाराल, तर मध्यम वेढ्यांचा अल्निको ५ हंबकर घ्या. ४२ गेजची तार असेल तर साडेआठ ते साडेनऊ किलोओहमच्या आसपास. थोडी गुणगुण सोसायची तयारी असेल तर पी-९० पण ऐकून बघा. त्याची सिंगल कॉइल जाड बोलते आणि प्रत्येक तार वेगळी दाखवते.

पण आधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या तळापासून पिकअपच्या स्क्रूच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली १.६ मिलिमीटरपासून सुरुवात करा. आवाज गढूळ असेल तर पिकअप अर्धा वळसा खाली घ्या आणि पोलचे, म्हणजे एकेका तारेखालचे, स्क्रू तेवढेच वर काढा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि आमची एक विक्री बुडते, ते चालेल. मग पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोधक, तपासा. हंबकरला २५० किलोओहमचे पॉट लागले असतील तर आवाज कोंदणारच. ५०० चे लावा. केबल फार लांब असेल तर तीही वरचे सूर गिळते.

पिकअप पारखायची आमची रीत सोपी. गेन नेहमीइतका ठेवून मोकळी ई मेजर कॉर्ड वाजवा आणि घुमू द्या. तिसऱ्या तारेवरचा, पहिल्या फ्रेटचा स्वर त्या घोळक्यात वेगळा ऐकू येतोय का? मग गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. आवाज निवळला पाहिजे, नुसता बारीक होऊन चालणार नाही. दोन्हींत पास झालेला पिकअप निश्चिंत घ्या.

मागणी नोंदवताना ब्रिजवर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये कळवा. ५० च्या आसपास असेल तर नेहमीचा पिकअप बसतो, ५२-५३ असेल तर रुंद अंतराचा लागतो, नाहीतर कडेच्या तारा पोलवरून सरकलेल्या दिसतात. हंबकरची एकच कॉइल वेगळी करून वाजवायची असेल तर चार वायरींची जोडणी मागा. आणि काढलेला जुना पिकअप, त्याचे स्क्रू आणि स्प्रिंग एका पिशवीत घालून ठेवा. नव्याचे स्क्रू काही गिटारच्या चौकटीत बसत नाहीत, तेव्हा जुनेच कामाला येतात.