कल्चर निगेटिव्ह, पण जीवाणू जागेवरच

कृत्रिम गुडघा वर्षभरानंतरही दुखतो आहे, ताप नाही, सूज बेताची, सांध्यातल्या पाण्याचे कल्चर निगेटिव्ह. म्हणजे संसर्ग नाही, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. मग ‘अंगाला धातू मानवला नाही’ हे ठरलेले वाक्य येते. धातूची ॲलर्जी असू शकते, पण ती क्वचित. सांधा निव्वळ झिजेमुळे किंवा बसवण्यातल्या दोषामुळेही सैल होतो. मात्र आत धुमसणारा संसर्ग नीट शोधल्याशिवाय ‘मानवला नाही’ म्हणणे हे निदान नव्हे.

कल्चर म्हणजे नमुन्यातले जिवंत जीवाणू पोषक माध्यमावर वाढवून ओळखणे. त्यासाठी जीवाणू आधी नमुन्यात यायला हवेत, आणि इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाच्या, संसर्गात नेमके तेच घडत नाही. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो. तिथे पोहोचलेला जीवाणू चिकटतो, वाढतो आणि स्वतःभोवती शर्करा, प्रथिने व डीएनए यांचा चिकट थर तयार करतो. हीच बायोफिल्म. एलेक आणि कोनेन यांनी 1957 साली स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केले. पू होण्यासाठी एरवी लाखो स्टॅफिलोकॉकस जीवाणू लागत, पण तिथे रेशमी टाक्याचा धागा असला की सुमारे दहा हजार पटींनी कमी जीवाणू पुरत. एक धागा एवढा फरक पाडत असेल, तर मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याचा विचार करा.

बायोफिल्ममधले जीवाणू संथपणे विभागतात आणि तिथून फार थोडे सुटून आजूबाजूच्या द्रवात येतात. म्हणून शरीराची प्रतिक्रियाही मवाळ असते. नैसर्गिक गुडघ्यात जीवाणू शिरले तर सांध्यातल्या द्रवात दर मायक्रोलीटरला 50,000 किंवा त्याहून जास्त पांढऱ्या पेशी दिसणे नेहमीचे. कृत्रिम सांध्यात मात्र 3,000 पेशीही संसर्गाकडे बोट दाखवतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा आठवडे याला अपवाद, कारण तेव्हा जखमेमुळेच पेशी वाढलेल्या असतात. नैसर्गिक सांध्याची मोजपट्टी कृत्रिम सांध्याला लावली की निदान हुकते. रक्तातले सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारे प्रथिन) नॉर्मल असूनही संसर्ग असू शकतो. उलट, कातडीतून थेट इम्प्लांटपर्यंत जाणारे, सतत पाझरणारे छिद्र असेल तर संसर्ग सिद्ध झाला. मग सीआरपीची वाट पाहायचे कारण नाही.

शस्त्रक्रियेत घ्यायच्या नमुन्यांचे नियम साधे आहेत आणि तेच सर्वाधिक मोडले जातात. रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल तर आधीचे 14 दिवस प्रतिजैविके बंद ठेवायची. इम्प्लांटलगतच्या पेशीजालाचे 5 ते 6 तुकडे घ्यायचे, प्रत्येक वेगळ्या जागेचा, वेगळ्या निर्जंतुक चिमट्याने, वेगळ्या डबीत. स्वॅब नको. कापसाच्या बोळ्यावर माल थोडाच येतो आणि त्यातले जीवाणूही धाग्यांत अडकून बसतात. पाच नमुने कशासाठी? सर्वांत नेहमीचा गुन्हेगार, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, हा आपल्या त्वचेचा कायमचा रहिवासी. एका नमुन्यात तो सापडला तर तो सांध्यातला की नमुना घेताना हातून शिरलेला, हे कळत नाही. समजा, प्रत्येक नमुना दूषित होण्याची शक्यता 5 टक्के आहे. पाचांपैकी किमान एक दूषित असण्याची शक्यता मग जवळपास 23 टक्के होते, पण किमान दोन दूषित असण्याची फक्त 2 टक्क्यांच्या आसपास. दोघांत एकच जीवाणू निघण्याची त्याहून कमी. म्हणून दोन नमुन्यांत तोच जीवाणू, हा निकष.

तरीही जीवाणू मुख्यतः धातूवरच बसलेले असतात. सांधा बदलताना जुना भाग बाहेर येतोच, तर त्यालाच का तपासू नये? याचे सुंदर उत्तर म्हणजे सोनिकेशन. काढलेला भाग निर्जंतुक कडक डब्यात ठेवून सुमारे 400 मिलीलीटर रिंगर द्रावण (शरीरातल्या द्रवाइतके खारे पाणी) ओततात. शुद्ध पाणी चालत नाही, कारण परासरणाने जीवाणू फुगून फुटू शकतात. डबा 30 सेकंद जोरात घुसळतात, 40 किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरींच्या टाकीत 5 मिनिटे ठेवतात आणि पुन्हा 30 सेकंद घुसळतात. या 5 मिनिटांत द्रवाचा दाब 1 कोटी 20 लाख वेळा खालीवर होतो. दाब उतरला की द्रवातले सूक्ष्म बुडबुडे फुगतात, चढला की आकसतात आणि काही एकदम कोसळतात. एवढ्या वारंवारितेशी जुळणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या सुमारे 80 मायक्रोमीटर येते, तर जीवाणू जेमतेम 1 मायक्रोमीटरचा. पृष्ठभागाजवळचा बुडबुडा सगळीकडून सारखा कोसळत नाही. धातूच्या बाजूने द्रव आत यायला वाट नसते, म्हणून विरुद्ध बाजूने द्रवाची बारीक पिचकारी आत घुसते आणि पृष्ठभागावर आदळते. ती बायोफिल्म उखडते. पहिल्या घुसळणीने द्रवात हवेचे बारीक बुडबुडे मिसळतात आणि पुढच्या कोसळण्याला बीज मिळते.

इथे मात्रा सांभाळावी लागते. वारंवारिता जितकी कमी, तितके बुडबुडे मोठे आणि कोसळणे हिंसक. पेशी फोडण्यासाठी 20 किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडणाऱ्या दांड्या वापरतात त्या म्हणूनच. आपल्याला जीवाणू सोडवायचे आहेत, मारायचे नाहीत. वेळ वाढवला किंवा द्रव तापला तर ते मरतात, विशेषतः पातळ भित्तीचे ग्राम-निगेटिव्ह गटातले, आणि रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह! सुरुवातीला डब्याऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरून पाहिल्या. त्या गळल्या, टाकीतले पाणी आत शिरले आणि नसलेले जीवाणू सापडू लागले. कडक डबा आला तो त्यामुळे.

मग अर्धा मिलीलीटर द्रव ताटलीतल्या माध्यमावर पसरून वसाहती, म्हणजे एकेका जीवाणूपासून वाढलेले ठिपके, मोजतात. 5 किंवा अधिक वसाहती म्हणजे संसर्ग. 400 मिलीलीटरचा हिशेब मांडला तर हे किमान 4,000 सुटे जीवाणू झाले. चुकून शिरलेले दोनचार जीवाणू इतके भरत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 2007 सालच्या अभ्यासात 331 रुग्ण होते. पेशीजालाच्या कल्चरने 60.8 टक्के संसर्ग पकडले, सोनिकेशनने 78.5 टक्के. आधीच्या 14 दिवसांत प्रतिजैविके घेतलेल्यांत हेच आकडे 45 आणि 75 टक्के होते.

मात्र ताटल्या लवकर फेकून दिल्या तर हे सगळे वाया. खांद्याच्या इम्प्लांटवर आढळणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू ऑक्सिजनविरहित वातावरणात फार हळू वाढतो. त्याला 14 दिवस द्यावे लागतात. पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ लिहिले की तो निसटला. यावर ‘काही तासांत प्रत्येक जंतू सांगणाऱ्या’ डीएनए चाचण्यांची मोठी जाहिरात होते. त्या उपयोगी आहेत, विशेषतः प्रतिजैविके आधीच सुरू असतील तेव्हा. पण त्यांना मेलेल्या जीवाणूचा डीएनएही दिसतो, चाचणीच्या रसायनांतून आलेला डीएनएचा मागमूसही दिसतो, आणि कोणते औषध लागू पडेल हे त्या पुरते सांगत नाहीत. त्यासाठी वाढवलेली जिवंत वसाहतच हाताशी असावी लागते.