मोटरहोमची हवा: टायरवरचा ६५ आणि तुमचा ६५ एक नाही

फोर्सची ट्रॅव्हलर (ती मिनीबस) आतून मोकळी करून बेड, किचन, पाण्याची टाकी बसवलेल्या गाड्या आता नाशकात पण बऱ्यापैकी दिसतात, आणि अशी गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात माणूस विचारतो हवा किती ठेवू. मग ठरलेली दोन उत्तरं येतात. एक म्हणतो टायरवर लिहिलीये तेवढी मारा. दुसरा म्हणतो ते मॅक्स आहे हो, दहा कमी ठेवा म्हणजे सेफ. दोन्ही चूक, आणि दुसरं जास्त चूक कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

कारची हवा तुम्हाला कळते असं धरतो, म्हणून बाकीचं पटकन. हवा थंड टायरला मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसणारच, ती काढायची नाही, नाशकातच द्वारकेवरून आडगावला जाऊन मग हवा 'जास्त झाली' म्हणून सोडणारे मी बघितलेत. बार आणि पीएसआय: १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, विषय संपला. मुंबईत भरलेली हवा कसारा चढून इथे आल्यावर गेजवर साधारण १ पीएसआय जास्त दिसते, उंचीमुळे, सोडून द्या. नायट्रोजनबद्दल मला विचारू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, पैसे तुमचे.

आता मुद्द्याचं. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ असते, मॅक्स लोड इतके किलो, इतक्या पीएसआयला, कोल्ड. लोक त्यातला पीएसआयचा आकडा उचलतात आणि किलोचा सोडून देतात, सगळा गोंधळ तिथेच. ती ओळ एकच गोष्ट सांगते: हा टायर जास्तीत जास्त इतकं वजन उचलेल, पण त्यासाठी आत इतकी हवा पाहिजे. म्हणजे ती हवा भरा अशी ऑर्डर नाहीये, आणि 'इथपर्यंत यायचंच नाही' अशी धोक्याची पाटी पण नाहीये. वजन उचलते हवा, रबर नाही. हवा कमी केली की उचलायची ताकद कमी होते, इतकं साधं आहे.

उदाहरण घ्या. समजा टायरचा लोड इंडेक्स (टायरवरचा वजनाचा कोड नंबर) १०९ आहे, म्हणजे १०३० किलो, आणि ओळीत ६५ पीएसआय लिहिलंय. मागे दोनच चाकं, मागच्या एक्सलवर (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) वजन १९८० किलो. तुम्ही म्हणाल प्रत्येकी ९९०, बसतंय की. पण किचन आणि टाकी एकाच बाजूला बसवलेली असते (का बसवतात असं, देव जाणे), म्हणून एका चाकावर १०२० आणि दुसऱ्यावर ९६०. आता 'सेफ' म्हणून ५५ मारली की तोच टायर उचलणार साधारण ९०० ते ९२०. म्हणजे शंभर किलो ओव्हरलोड, आणि मालक खुश, हवा मॅक्सच्या खाली आहे म्हणून. ह्या गाडीला मागे ६५ च पाहिजे, दोन्ही चाकांना, कारण एका एक्सलवर हवा सारखीच ठेवायची आणि जड बाजू बघून ठेवायची. आणि खरं तर ह्या गाडीतलं सामान कमी करायला पाहिजे, कारण १० किलोचं मार्जिन म्हणजे काहीच नाही, एक पोतं तांदूळ टाकलं की गेलं.

त्याच गाडीचा पुढचा एक्सल समजा १४०० किलो, चाकाला ७००. तिथे पण ६५ मारली तर टायर दगडासारखा होतो, मधूनच झिजतो, ब्रेकला पकड कमी मिळते आणि त्र्यंबकपर्यंत जाताना भांडी खाली येतात. तिथे ४५ च्या आसपास भागतं. बघा म्हणजे, गाडी तीच, टायर तेच, टायरवरची ओळ पण तीच, आणि पुढे-मागे वीस पीएसआयचा फरक. 'गाडीला किती हवा' हा प्रश्नच चुकीचा आहे, एक्सलला किती ते विचारा. नक्की आकडा टायर कंपनीच्या लोड आणि प्रेशरच्या चार्टमधून घ्यायचा, माझ्याकडून नाही आणि पंक्चरवाल्याकडून तर नाहीच.

मग दाराजवळच्या पाटीचं काय, असं विचारणारे असतात, बरोबर विचारतात. ती पाटी चेसिस कंपनीने, म्हणजे मूळ गाडी बनवणाऱ्याने, स्वतःच्या टायरसाठी आणि ठरवलेल्या एक्सल वजनासाठी लावलेली असते. टायर त्याच साईजचे आणि त्याच प्लायचे (म्हणजे तेवढ्याच मजबुतीचे) असतील तर पाटीच्या खाली मी जात नाही. पण मोटरहोम बनवणाऱ्याने टायर बदलले असतील तर ती पाटी दुसऱ्याच गाडीची समजा.

वजन कसं कळणार? कांद्याची ट्रॉली घेऊन पिंपळगावला जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण साठ-सत्तर हजाराचं सोलर लावणारा माणूस शंभर-दोनशे रुपये देऊन भुईकाट्यावर जायला लाजतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, पावती. मग अख्खी गाडी, पावती. वजाबाकी म्हणजे मागचा एक्सल. मग काट्याच्या बाजूची जमीन सपाट असेल तर एकाच बाजूची चाकं चढवून बघा, कोणती बाजू जड ते कळतं. आणि गाडी भरलेली न्या: टाकी फुल, डिझेल फुल, सिलेंडर, बॅटऱ्या, माणसं सगळी. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, मागे कोपऱ्यात. रिकामी गाडी तोलून आणणाऱ्याला मी काय बोलू.

मागे जोडचाकं असतील तर टायरवर सिंगल आणि ड्युअल असे किलोचे दोन आकडे लिहिलेले असतात, ड्युअलचा कमी, तोच धरायचा.

आता माझा सगळ्यात राग येणारा प्रकार, 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, समृद्धीवर टायर फुटतात'. अहो उलटं आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, बाजूचं रबर वाकून वाकून तापतं, आणि मग फुटतो. उन्हाने वाढणारी हवा टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते. उलट काळजी थंडीची करा, मे महिन्यात ४० डिग्रीत ६५ मारलेली हवा डिसेंबरात निफाडला पहाटे ८ डिग्रीत मोजली तर ५७-५८ दिसेल, टायर कुठेही गळत नसताना. म्हणून दिवाळीनंतर एकदा परत बघायची.

स्टेपनीला मात्र मागच्या एक्सलची हवा भरून ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर वीस सोडायला दोन मिनिटं लागतात, समृद्धीवर रात्री अकराला वीस भरायला कोण येणारे.