कुंडीच्या तळाशी खडी घालून निचरा सुधारत नाही

कुंडीत तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, असं सोलापुरात सर्रास सांगितलं जातं. होतं उलटंच! बारीक माती पाणी धरून ठेवते. ती पुरती ओथंबल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. म्हणजे चिखलाचा थर तळाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. आपल्या चिकट काळ्या मातीत तर मुळं कुजायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा माती शेणखत, कोकोपीट घालून भुसभुशीत करा. कुंडी घेताना उलटी करून भोक बघाच. त्यावर खापराचा एक तुकडा पुरे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा मातीची कुंडी गार राहते, पण लवकर सुकते. म्हणून जरा मोठी, खोल घ्या.