माणूस कळावा म्हणून काय वाचावं? एका यादीची पार्श्वभूमी

सोलापुरात वाचनालयात जाऊन ‘माणसाच्या स्वभावावर काही द्या’ म्हटलं, की हातात बहुधा अनुवादित मानसशास्त्र पडतं. सवयी, निर्णय, समोरच्याचं मन वळवणं वगैरे. ही पुस्तकं वाचावीत, पण सालं बघून. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांचे निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकले. त्याआधीच्या पुस्तकांतले काही गाजलेले दाखले तेव्हापासून जपूनच घ्यावे लागतात.

स्वभाव रक्तातून येतो की परिस्थितीतून, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून ग्रंथांत रंगला. आपल्याकडे तो थेट कायद्यात उतरला. १८७१ साली इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवायला सुरुवात केली आणि १९११ च्या कायद्याने तो फास मुंबई इलाख्यापर्यंत आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडच्या ‘सेटलमेंट’मध्ये पारधी, कैकाडी वगैरे कुटुंबं ठेवली गेली. आत हजेरी, बाहेर गिरणीत काम. आजही शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आहे. ‘फ्री’ कशापासून, हे मात्र तिथून रोज जाणारेही विचारत नाहीत.

१९५२ मध्ये हा कायदा गेला. खरी गुंतागुंत त्यानंतरची. १९५९ साली मुंबई राज्याने ‘सराईत गुन्हेगारां’चा कायदा आणला. कागदावर तो जमातीला लागू नव्हता, फक्त वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीला होता. एक बाजू म्हणते, पोलिसांना सराईतावर नजर ठेवायला काहीतरी हवंच होतं. दुसरी विचारते, चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर जातात? मला दुसरा प्रश्न जास्त वजनदार वाटतो, कारण नोंद व्यक्तीची झाली तरी संशय जमातीवरचा तसाच राहिला.

वाचनाची यादी इथेच फाटते. १९१५ चा त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ खेड्यातल्या वागण्याची इतकी बारीक नोंद करतो की तो टाळताच येत नाही. पण त्यातलं फिरस्त्यांचं प्रकरण गावातल्या कारभाऱ्याच्या नजरेचं आहे. फिरस्ते म्हणजे गावाला भार, हा त्याचा सूर. उलट बाजू छापून यायला अशाच जमातींतल्या लेखकांची आत्मचरित्रं, लक्ष्मण माने यांचं १९८० चं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं १९८७ चं ‘उचल्या’, यावी लागली. ‘उचल्या’त पोरांना खिसा मारायला शिकवतात, आणि पोलिसांपुढे तोंड उघडू नये म्हणून घरचेच आधी मार खायची सवय लावतात. जे जन्मजात म्हणून कायद्यात लिहिलं होतं, ते इथे धडे देऊन, मारून शिकवलं जातंय. तरी ही दोन्ही पुस्तकं आत्मचरित्रांच्या कपाटात असतात आणि मानसशास्त्र मागणाऱ्याला कुणी ती काढून देत नाही.

माझ्या यादीत ‘गावगाडा’ आणि ‘उचल्या’ लागोपाठ आहेत, अनुवादित पुस्तकं त्यानंतर.