संत गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया (सु. १५५७ – ५ फेब्रुवारी १५९७) : वसईत जन्मलेले, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे ब्रदर, जपानमधील २६ ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी एक आणि भारतात जन्मलेले पहिले संत. वसईतील एक महाविद्यालय आणि गास येथील चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वडील पोर्तुगीज, तर आई भारतीय असल्याचे मानले जाते. वसई किल्ल्यातील जेझुइटांच्या (हाही एक कॅथलिक धर्मसंघ) शाळेत ते शिकले आणि कोवळ्या वयातच तेथील धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून ते गावोगावी बोलू लागले. जेझुइट संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा ते व्यापारात उतरले. त्यात जमही बसला. पण तो धंदा सोडून मनिलाला त्यांनी फ्रान्सिस्कन संघाची वस्त्रे घेतली. धर्मगुरू न होता ते अखेरपर्यंत ब्रदरच राहिले.

१५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता हे फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे वकील, म्हणजे दूत, म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या भेटीस गेले, तेव्हा दुभाषी गोन्सालोच होते. हुकूमशहासमोर दुसऱ्याचे म्हणणे प्रामाणिकपणे पोहोचवण्यात मोठी जोखीम असते. गोन्सालोंच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत क्रुसावरील मरणाइतकेच हे कामही मुलांना सांगायला हवे. परक्या मुलखात जाऊन तिथली भाषा मनापासून शिकणे आणि पुढारीपणाचा हट्ट न धरता मदतनिसाची जागा नीट सांभाळणे, हे कोणत्याही विद्यार्थ्याला आचरता येईल असे आहे. क्योतोमध्ये या फ्रान्सिस्कन मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयही चालवले.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून उठलेल्या वादात ख्रिस्ती धर्मप्रसारकांविषयीचा हिदेयोशीचा संशय बळावला आणि अटकसत्र सुरू झाले. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत नेण्यात आले. निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसाला बांधून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. अंतोनियो तेरा वर्षांचा, तर तोमास कोझाकी चौदा. शाळेतल्या मुलांना ही नावे माहीत असावीत, कारण ती त्यांच्याच वयाची आहेत.

आठव्या उर्बन पोपनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तर नवव्या पायस पोपनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. मधल्या काळात, १७३९ मध्ये, वसई मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगिजांचे नगर ओस पडले. गोन्सालोंची आठवण मात्र इथल्या ख्रिस्ती समाजाने जपली. किल्ल्यातील जुन्या जेझुइट चर्चमध्ये त्यांच्या सणाची मिस्सा (प्रार्थनाविधी) होते. ५ फेब्रुवारी हा संत अगाथा यांचा दिवस असल्याने रोमन पंचांगात या सर्व हुतात्म्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीला, ‘पौल मिकी (या हुतात्म्यांतले एक जपानी जेझुइट) आणि त्यांचे सोबती’ या नावाने केले जाते.