श्रेणीबद्ध वर्गीकरण

श्रेणीबद्ध वर्गीकरण : मोठ्या वर्गाच्या पोटात लहान वर्ग आणि त्याच्या पोटात आणखी लहान, अशा उतरंडीने वस्तूंची वा ज्ञानाची केलेली मांडणी. वरच्या पायरीचे लक्षण खालच्या प्रत्येक पायरीला लागू पडते आणि एका वस्तूला एकच जागा मिळते, ही तिची दोन गृहीतके. तिचा व्यवहारातला उपयोग सर्वपरिचित आहे. वाद आहे तो दुसऱ्या गृहीतकाविषयी.

भारतीय परंपरेत या वादाची फार काटेकोर चर्चा न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या तत्त्वज्ञांनी केली. सत्ता (असणे), तिच्या पोटात द्रव्यत्व, त्याच्या पोटात पृथिवीत्व अशी जातींची, म्हणजे अनेक वस्तूंत समान असणाऱ्या धर्मांची, उतरंड ते मानतात. या परंपरेतील उदयनाचार्यांनी किरणावली या ग्रंथात जातीला बाध आणणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या. त्यांतला संकर, म्हणजे दोन वर्गांची अर्धवट सरमिसळ, येथे महत्त्वाचा. पृथ्वी, जल, तेज, वायू ही द्रव्ये भूत (महाभूत) आहेत आणि मूर्तही (मर्यादित परिमाणाची). आकाश भूत आहे, पण मूर्त नाही. मन मूर्त आहे, पण भूत नाही. दोन्ही वर्ग एकमेकांत अर्धवट शिरतात, कोणीच कोणाच्या पोटात बसत नाही. म्हणून भूतत्व आणि मूर्तत्व या जाती ठरत नाहीत, उपाधी (खऱ्या जाती नसलेले समान धर्म) ठरतात. साध्या घड्यापाशीही हीच अडचण येते. मातीचा घडा पार्थिव. पण न्यायमताने सोने तैजस (तेज या द्रव्याचे), म्हणजे सोन्याचा घडा पृथिवीत्वाबाहेर पडतो. यावर घटत्व एक नसून द्रव्यागणिक निराळे, असा तोडगा निघाला. काही नव्य (नंतरच्या काळातील) नैयायिकांनी संकर हा दोषच मानला नाही, आणि आजच्या वर्गीकरणविचाराला तेच मत अधिक जवळचे आहे.

उदयनांचा काळ निश्चित नाही. त्यांच्या लक्षणावली या ग्रंथातील श्लोकावरून शके ९०६ (इ.स. ९८४-८५) हे वर्ष रूढ झाले, दिनेशचंद्र भट्टाचार्य यांनी पाठभेद सुचवून शके ९७६ (१०५४-५५) असे वाचले. श्रीधरांची न्यायकंदली ही वैशेषिक टीका शके ९१३ ची आहे आणि उदयन तिच्यानंतरचे असावेत असे दिसते. त्यामुळे दुसरे वाचन अधिक जुळते. या परिभाषेसाठी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश, विशेषतः वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली, पुण्याच्या भांडारकर संस्थेची १९२८ ची आवृत्ती, आजही हाताशी हवा.

जीवशास्त्रातील उतरंड स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांच्यापासून (१७३५) स्थिरावत गेली. मराठी परिभाषेत जाती (स्पीशीज), प्रजाती (जीनस), कुल, गण, वर्ग, संघ अशा चढत्या पायऱ्या आहेत. वृत्तपत्रांत जातीलाच प्रजाती म्हणतात. त्याने एक पायरीच नाहीशी होते, म्हणून हा घोटाळा टाळायला हवा. पायऱ्या त्याच राहिल्या तरी वस्तू हलते, याचे जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील शिवनेरीच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी ही वनस्पती. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी १८६० च्या दशकात तिला फ्रेरिया या स्वतंत्र प्रजातीत ठेवले. पावसाळ्यात तिला ठळक मांसल पाने येतात. जवळच्या नातलगांत पाने बहुधा नाममात्र असतात. पुढे फुलांच्या साम्यावर अधिक भर देणाऱ्यांनी तिला कॅरॅलुमा आणि नंतर बाउसेरोसिया या प्रजातींत नेले. रुई कुल कण्हेर कुलात विलीन झाले, तेव्हा तिचे कुलही बदलले.

ग्रंथालयांत ड्यूई यांची दशांश पद्धती (१८७६) सर्वाधिक प्रचलित आहे. तीत ८०० साहित्य, ८९१.४ आधुनिक भारतीय आर्यभाषा आणि ८९१.४६ मराठी, इंग्रजीला मात्र ८२० ही वरचीच पायरी. शि. रा. रंगनाथन यांनी द्विबिंदू पद्धतीत (१९३३) विषयाचे पैलू सुटे करून क्रमांकात जोडले, त्यामुळे आधीच ठरवलेल्या एकाच घरात पुस्तक कोंबावे लागत नाही.

भांडारकर संस्थेच्या हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचे खंड विषयवार आहेत: व्याकरण, काव्य, जैन वाङ्मय इत्यादी. पहिले दोन विषयावरून वा वाङ्मयप्रकारावरून, तिसरा धर्मपरंपरेवरून. एकाच पायरीवर विभाजनाचे तत्त्व बदलते, आणि जैन ग्रंथकाराचे काव्य तत्त्वतः दोन्ही घरांत बसू शकते.